करंगळीवरचा ठिपका

नानांनी पस्तीस वर्षांत इतकी माणसं झोपवली होती की ती सगळी एका ओळीत आडवी केली असती तर ओळ हॉस्पिटलच्या फाटकातून निघून, बाजारपेठ ओलांडून, पुलापर्यंत गेली असती आणि शेवटच्या माणसाचे पाय नदीत भिजले असते. हे गणित नानांनी स्वतःच एका रिकाम्या दुपारी मांडलं होतं. नंतर उंच माणसं धरायची राहिली म्हणून परत मांडलं, तेव्हा नदीही ओलांडली गेली. आणि एवढ्या लांब ओळीतला एकही माणूस नानांना ओळखत नव्हता.

भूल देणाऱ्या डॉक्टरचं नशीबच तसं. सर्जनला लोक फुलं आणून देतात, त्याच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढतात. भूलवाल्याची भेट दोन मिनिटांची, तीही तोंडावर मास्क असताना. त्यानंतर शिरेतून जे पहिलं औषध जातं ते त्या दोन मिनिटांची आठवणसुद्धा पुसून टाकतं. एकदा किराणा दुकानाच्या रांगेत एका धिप्पाड गृहस्थानं नानांना कोपरानं ढोसलं. "काका, उभ्या उभ्या झोपलात काय?" आठच दिवसांपूर्वी त्या गृहस्थाचं हृदय टेबलावर मिनिटाला तीस ठोक्यांवर टेकलं होतं आणि नानांनी ते हाताला धरून सत्तरीवर आणून सोडलं होतं. नाना म्हणाले, "हो हो, जरा डुलकी लागली," आणि मागं सरकले.

घरी दोन खोल्या आणि खिडकीशी एक खुर्ची. बायकोला जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. भिंतीवरचं घड्याळ नानांनी सेल काढून बंद ठेवलं होतं. मिनिटाला साठचा तो एकसारखा ठोका ऐकला की त्यांना उगाच वाटे, कोणीतरी शुद्धीवर यायचं राहिलंय.

माणसाला घरात माणसं नसली की तो कामावर जमवतो. नानांनी आपला गोतावळा औषधांच्या ट्रेमध्ये जमवला होता. रोज सकाळी आठच्या आत, पहिला पेशंट यायच्या आधी, ते स्वतःच्या हातानं सिरिंजा भरत, एकेकीवर नावाची चिठ्ठी चिकटवत आणि ओळीनं मांडत. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर चांगल्या पंचवीस वर्षं मुरलेल्या. नानांच्या नातलगांना त्या नानांइतक्याच ओळखत.

पहिल्या आत्याबाई. म्हणजे इफेड्रिन. प्रेशर पडलं की यांना बोलवायचं. आत्याबाई दारात आल्या की घर खडबडून उठतं, हृदय धावायला लागतं. पण त्या त्याच दिवशी पुन्हा पुन्हा आल्या तर चौथ्या खेपेला कोणी मानसुद्धा वर करत नाही. त्यांच्या शेजारी काका, फिनाइलेफ्रिन. कडक शिस्तीचे, एका दमात सगळ्या रक्तवाहिन्या आवळणार. मात्र त्यांच्या धाकानं हृदयही दबकत चालायला लागतं. मग मामा, ॲट्रोपिन. हे हृदयाला मांडीवर घेऊन दौडवतात, पेशंटचं तोंड मात्र कोरडं पाडून जातात. हृदय उधळलंच तर पाठीवरून हात फिरवायला एस्मोलॉल मावशी. दहा मिनिटं बसतात, लगेच निघतात, कोणाला जड होत नाहीत. पंपातून थेंबाथेंबानं जाणाऱ्या नॉरॲड्रिनलिन सासूबाई. एकदा सूत्रं हाती घेतली की सोडायचं नाव नाही. आणि ट्रेच्या कोपऱ्यात आजोबा, ॲड्रिनलिन. त्यांना उठवायचं ते घराला आग लागल्यावरच.

"आणि फ्रिजमधली ती?" सिस्टरनी एकदा विचारलं होतं. व्हॅसोप्रेसिनची कुपी थंडीत, दाराच्या कप्प्यात असायची. वर्षातून दोन-चारदाच निघायची.

"तिला नातं नाही," नाना म्हणाले. "राहू दे तशीच."

सिस्टरना ते खटकलं, पण नानांचा चेहरा बघून त्यांनी विषय सोडला.

एके दिवशी बोर्डावर दुसऱ्या दिवसाची यादी लागली. दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन, पेशंट एकाहत्तर वर्षांची बाई. नानांनी नाव वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. ती त्यांची ताई होती. सख्खी, पाच वर्षांनी मोठी, एकुलती एक. अकरा वर्षं ती नानांशी एक शब्द बोलली नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी याच थिएटरमध्ये वडिलांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. आपल्या माणसाला आपण भूल द्यायची नाही, हा या धंद्यातला नियम आहे आणि तो शहाण्या लोकांनी केलेला आहे. आपलं माणूस समोर आडवं असलं की हात थरथरतो आणि डोकं बाजूला बसतं. म्हणून नानांनी केस दुसऱ्या डॉक्टरकडे दिली आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसून राहिले. स्ट्रेचर आत जाताना वडिलांनी ताईला विचारलं, "धाकटा आत आहे ना?" ताईला बाकाचं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "आहे बाबा, आतच आहे." वडील निश्चिंत होऊन गेले. ऑपरेशन झालं, पण वडील पुन्हा बोलण्याइतके शुद्धीवर आलेच नाहीत आणि तिसऱ्या दिवशी गेले. भुलीचा त्यात काही दोष नव्हता, आणि हे ताईलाही कळत होतं. पण ती त्या बाकासमोर उभी राहून म्हणाली होती, "शेवटचं जे बोलले त्यात मी बाबांना फसवलं. तुझ्यामुळे." त्यानंतर तोंडाला कुलूप.

नानांनी धाकट्या मॅडमना गाठलं. धाकट्या मॅडम म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकून आता बरोबरीनं काम करणाऱ्या भूलतज्ज्ञ. वयानं तिशीच्या, हातानं पन्नाशीच्या.

"ही उद्याची पित्ताशयाची केस. तपासलीस?"

"हो, कालच. सून आली होती बरोबर. प्रेशरची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. उद्या सकाळी ती गोळी घेऊ नका म्हणून तीनदा बजावलंय. आणि एक विचारलं त्यांनी. भूल कोण देणार? मी म्हटलं, मीच."

"मग?"

"मग काही नाही. 'बरं' म्हणाल्या."

नानांनी ते 'बरं' मनात चारदा उलटसुलट करून पाहिलं. कुठल्या बाजूनं पाहायचं तेच कळेना. शेवटी म्हणाले, "ती माझी बहीण आहे. केस तूच कर. मी बाहेर असेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी ताईसाठीचा ट्रे मात्र स्वतः मांडला. आत्याबाई, काका, मामा, मावशी. हात स्थिर होता, पण आजोबांची चिठ्ठी दोनदा वाकडी चिकटली. मग हातातलं टाकून ते बाहेर गेले आणि बाकावर बसले. बाक तोच होता. मधे दोनदा रंग दिला गेला होता आणि एक पाय बदलला होता, एवढंच. नियम पाळणाऱ्या माणसाला बरं वाटायला हवं. नानांना बाकाच्या पाठीचे खिळे टोचत होते.

भिंतीपलीकडून मॉनिटरचा आवाज येत होता. हॉस्पिटलातले लोक शपथेवर सांगत की नाना बंद दाराआडून नुसत्या त्या टिकटिकीवरून पेशंटचं वय, वजन आणि त्यानं आदल्या दिवशी काय खाल्लं तेही ओळखतात. त्यातलं वजनाचं आणि खाण्याचं सोडून देऊ. पण चाळीस मिनिटांनी ठोका बदलला तेव्हा नाना उठून उभे राहिले हे खरं. ठोका आधी वेगानं धावला. आत्याबाई आल्या. मग दबकला. काका आले. पुन्हा आत्याबाई. पुन्हा काका. नाना दाराकडे दोन पावलं गेले आणि परत फिरले. नियम म्हणजे नियम.

तेवढ्यात दार ढकलून सिस्टर बाहेर डोकावल्या. "नाना, मॅडम बोलावतायत. वरचं प्रेशर पन्नासच्या वर चढत नाहीये."

एवढी माणसं पार नदीपलीकडे नेऊन ठेवणारा माणूस, पण त्याचे पाय त्या क्षणी लाद्यांना चिकटले. आत गेलो आणि हात थरथरला तर? आणि नाही गेलो तर? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जड निघाला. नानांनी मास्क वर ओढला आणि आत गेले.

"काय काय दिलं?"

"इफेड्रिन तीनदा. फिनाइलेफ्रिन पाचदा. दोन बाटल्या सलाईन. नॉरॲड्रिनलिनचा पंप आत्ताच चालू केला, अजून जागचं हलत नाही." धाकट्या मॅडमचा आवाज सरळ होता, कपाळावर मात्र घाम. "अंगावर पुरळ नाही, छातीत शिट्टी नाही, म्हणजे ॲलर्जी वाटत नाही. ईसीजी साफ आहे. सर्जनसाहेब, पोटात भरलेला वायू सोडून द्या."

"सोडला केव्हाच," सर्जन म्हणाला. "आणि इथं रक्ताचा थेंब नाहीये. तुमचं घर तुम्ही सांभाळा."

"आजोबांना काढू?" सिस्टरनी विचारलं. हात कोपऱ्यातल्या सिरिंजेवर.

"हाताशी ठेवा. उठवू नका अजून." नाना ताईच्या डोक्याशी आले. अकरा वर्षांनी तिला इतक्या जवळून पाहत होते आणि ती नेमकी झोपलेली. भुवया पार पांढऱ्या झाल्या होत्या. हनुवटीवरची लहानपणची खोक मात्र जिथल्या तिथं होती. "सकाळची गोळी घेतली होती का हिनं?"

"नाही. मी विचारलं. सुनेलाही विचारलं. दोघी नाही म्हणाल्या."

ताई नाही म्हणाली! नानांच्या डोळ्यांसमोर एक नऊ वर्षांची मुलगी उभी राहिली. साखरेचा डबा रिकामा, ओठाला साखर, आणि डोळ्याला डोळा देऊन म्हणते, मी नाही. अख्ख्या घरात हिच्याइतकं सरळ चेहऱ्यानं खोटं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. आणि त्याच घरात वडिलांचा एक दंडक होता. आभाळ कोसळो, गोळी चुकायची नाही. वडिलांना चाळिशीतच प्रेशर निघालं होतं. घोटभर पाण्याबरोबर गोळी, आणि लगेच डाव्या करंगळीच्या नखावर निळ्या पेनानं ठिपका. म्हणजे घेतली की नाही हा वाद दिवसभर नको, आणि विसरून दुसऱ्यांदाही घेतली जायला नको. पुढं दोन्ही मुलांना प्रेशर निघालं तेव्हा गोळीबरोबर ठिपकाही वारशात आला.

टेबलाच्या पट्टीवर ताईचा डावा हात बाहेर होता. नानांनी तो हातात घेतला. गार पडला होता. ऑक्सिजन मोजायची चिमटी अनामिकेला होती.

"करंगळीच्या नखाला शाई होती म्हणून मीच शेजारच्या बोटाला लावली," सिस्टर म्हणाल्या. "स्पिरिटनं पुसलं, तरी जाईना."

स्पिरिटनं फिकटलेला, पण ठिपका होता. निळा. गोल.

"हिनं गोळी घेतलीय," नाना म्हणाले. "सिस्टर, फ्रिजमधली आणा."

धाकट्या मॅडमनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्या नखाकडे. विचारायला वेळ नव्हता. प्रेशर सावरायला शरीराचे तीन दरवाजे असतात. पहिला भुलीनं लोटलेला होता आणि आत्याबाई, काका, सासूबाई तोच ठोठावत बसले होते. दुसऱ्याला त्या सकाळच्या गोळीनं कुलूप घातलं होतं. तिसऱ्या दारानं येणारी एकच, फ्रिजमधली.

सिस्टरनी कुपी आणली. नानांनी ती स्वतः फोडली, सलाईनमध्ये पातळ केली, चिठ्ठी चिकटवली. हात थरथरला का? थरथरला. पण हात जुना आणि कामसू होता. थरथरता थरथरता त्यानं बरोबर एक युनिट ताईच्या शिरेत सोडलं.

पन्नास.

"सर, आणखी किती वेळ?" सर्जननं विचारलं.

"तुम्ही उभे राहा हो. तेवढंच पायांना बरं," नाना म्हणाले. सर्जनला इतकं तोडून ते पस्तीस वर्षांत बोलले नव्हते.

बावन्न. अठ्ठावन्न. मग जिन्यावरून कोणी सावकाश, कठड्याला धरून चढावं तसं प्रेशर चढायला लागलं. सत्तर. त्र्याऐंशी. शहाण्णव. सासूबाईंचा पंप धाकट्या मॅडमनी हळूहळू उतरवला. एकशे आठावर सिस्टरनी श्वास सोडला. "नाना, आता तरी हिला काहीतरी नातं द्या."

"विचार करून सांगतो," नाना म्हणाले. ताईचा हात त्यांच्या हातात होता आणि ऑपरेशन संपेपर्यंत तो तिथंच राहिला.

नंतर शुद्धीवर आणायच्या खोलीत नाना तिच्या खाटेशी उभे राहिले. एरवी ते सगळ्यांना सांगत तेच सांगितलं, फक्त शेवट बदलून. "डोळे उघड, ताई."

डोळे उघडले. धुकट, पण त्यांच्यावर ठरले.

"आत होतास?"

चाळीस मिनिटं बाकावर, पुढचा सव्वा तास आत. सगळा हिशोब सांगत बसण्याची ती वेळ नव्हती.

"होतो."

"मग..." ताईनं जीभ ओठांवरून फिरवली. "सुनेला सांगू नकोस गोळीचं."

आणि पुन्हा झोपली.

अकरा वर्षांनी आलेली ती दोन वाक्यं. खोलीत तिसरं कोणी ऐकणारं नव्हतं. आणि नानांना पक्कं माहीत होतं की ती स्वतःही ती ठेवणार नाही. सकाळी शिरेत गेलेलं पहिलं औषध अजून तिच्या डोक्यात झाडू घेऊन फिरत होतं. आत्ता बोललेलं तासाभरात साफ. अशी किती वाक्यं नानांपाशी पडून होती! कोणी शुद्धीवर येताना आईला हाक मारलेली, कोणी लग्नाची मागणी घातलेली, कोणी माफी मागितलेली. सगळी त्यांच्या मालकांनी सोडून दिलेली, आणि नानांनी सांभाळलेली. त्यांत ही दोन ठेवली. मग त्यांनी ताईच्या कागदावर औषधं, वेळा आणि गोळीचं कारण नीट लिहिलं. ते लिहावंच लागतं. पण सून काही तो कागद वाचणार नव्हती.

संध्याकाळी चार वाजता ते वॉर्डात गेले. ताई उशीला टेकून बसली होती. नाना खाटेच्या पायथ्याशी थांबले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पाण्याची टाकी होती.

सकाळचं पुसलं गेलं, नानांनी ओळखलं. अंदाज होताच. तरी माणूस वेडाच.

सून लगबगीनं उठली. "या ना, मामा. बसा. मॅडम म्हणाल्या, मधे प्रेशर पार उतरलं होतं. कशानं हो?"

"होतं कधी कधी," नाना म्हणाले. "वयाला."

"तरी मी यांना विचारलं होतं. गोळी घेतली नाहीत ना?"

"नाही," ताई पाण्याच्या टाकीला म्हणाली. सरळ चेहरा. डावा हात तेवढा पांघरुणाखाली गेला.

नाना छताकडे बघत राहिले. पंख्याला तीन पाती होती.

"आमच्या घराशेजारी एवढं मोठं हॉस्पिटल आहे," सून सांगत होती, "आम्ही सगळे तिथं चला म्हणत होतो. पण यांचा हट्ट, इथंच. दीड तास प्रवास करून. का, तर सांगायला तयार नाहीत."

"बडबड फार करतेस तू," ताई म्हणाली.

नानांनी पायथ्याची फाइल उचलली, उघडली, स्वतःचंच अक्षर वाचलं आणि मिटली. आता जायला हवं होतं. ते वळले.

"त्यांना विचार," ताई सुनेला म्हणाली. 'त्यांना' असं, जसं नाना परगावी राहतात. "आज गोळी घेतली का म्हणावं."

नानांनी डावी करंगळी पाहिली. नख कोरं होतं. सकाळी घरातून निघताना पाण्याचा पेला भरला होता, एवढं आठवत होतं. पुढं नुसती यादी, ताईचं नाव आणि बाक. बापाचा दंडक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोडला होता. लहान मुलानं दाखवावी तशी त्यांनी ती कोरी करंगळी खाटेच्या पायथ्याशी वर धरली.

ताईनं ती बघितली. भुवया वर गेल्या, नाक फेंदारलं. लहानपणी नाना पाटी विसरून आले की ती जशी बघायची अगदी तशी. मग पांघरुणाखालून हात काढला आणि सुनेच्या पर्सकडे बोट केलं.

"पेन आहे ना तुझं? निळं?"

"आहे. कशाला?"

"दे त्यांना. घरी जाऊन घ्या म्हणावं गोळी. लगेच. आणि ठिपका द्या."

"अहो, पण मामांच्या खिशालाच पेन आहे की."

"ते काळं आहे," ताई म्हणाली.

सुनेनं काही न कळून पेन पुढं केलं. नानांनी घेतलं. टोपण चावलेलं, साधंसं, शाळेच्या मुलांचं असतं तसलं पेन. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण ते ट्रेमधल्या मामांना न बोलावताच कोरडं पडलं होतं.

ते दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला. अजूनही सुनेलाच उद्देशून, पण दारापर्यंत पोचेल इतका मोठा.

"तुझं पेन आहे ते. फुकट जायला नको. उद्या परत आणून द्यायला सांग त्यांना."

घरी पोचल्यावर नानांनी पेला पुन्हा भरला, गोळी घेतली आणि खिडकीशी बसून करंगळीच्या नखावर निळा ठिपका दिला. मग उठून भिंतीवरच्या घड्याळात सेल घातला. उद्या वॉर्डात भेटायची वेळ चारची होती.